पाठ केलेला तक्ता

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं जे काही केलं, ते म्हणजे वाल सोलले. दुसरं काही नाही. महाडकडच्या गावाहून मेव्हण्याने कडवे वाल पाठवले होते. हिने ते भिजवून, फडक्यात बांधून मोड आणले, आणि संध्याकाळी आम्ही दोघं लादीवर बसलो, मध्ये परात. कोमट पाण्यातला वाल चिमटीत धरायचा, जरासा दाबायचा. दाणा सुळकन बाहेर येतो, साल बोटात राहते. माझे दोन होईपर्यंत तिची मूठ भरायची. आणि तिला दिसत नव्हतं. उजेड आहे की अंधार, एवढंच कळायचं. दिसत मला होतं. तरी दाणे फुटत होते ते माझ्याच हातून, आणि ती फुटलेला दाणा बोटांनी चाचपून माझ्याकडे परत सरकवत होती.

"डोळे असून काय उपयोग तुमचा," म्हणाली. हसत म्हणाली. तिच्या मनात टोमणा नव्हता.

मला तो लागला. का लागला, तेच सांगायला बसलोय. हे मी कुणालाही बोललेलो नाही. मुलाला नाही, सुनेला नाही, गावच्या भावाला नाही. देवासमोर हात जोडतो तेव्हा तोंडापर्यंत येतं — आणि मी सगळ्यांना सुखी ठेव वगैरे म्हणून उठतो. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. म्हणून तुम्हाला सांगतो. सातवीपर्यंत शिकलेला माणूस आहे, तेव्हा सरळ लिहिता येईल असं नाही. मध्येच थांबेन. थांबलो तर समजून घ्या की पुढचं अवघड आहे.

तिचं नाव शेवंता. मी विक्रोळीला रंगाच्या कंपनीत पॅकिंगला होतो, जन्मभर डबे बंद केले. ती घर बघायची, वर पापड-मसाल्याची कामं करायची. ती शाळेत कधी गेली नाही. एक दिवसही नाही. गावात शाळा होती, पण ती पोरांसाठी — पोरींनी धाकटी भावंडं सांभाळायची. पण डोकं? डोकं माझ्यापेक्षा चांगलं. ऐकलेलं विसरायची नाही. गणपतीत आरत्या सुरू झाल्या की शिकलेल्या बाया पुस्तकात बघायच्या आणि ही डोळे मिटून शेवटच्या कडव्यापर्यंत जायची. तिला वाचता येत नाही हे तिने कधी लपवलं नाही. कुणी कागद दिला तर सरळ म्हणायची, "मला नाय येत, तुम्हीच वाचा."

लपवलं मी.

संजयचं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट. संजय आमचा एकुलता एक. मुलीकडचे मुलुंडचे, मुलीची आई शाळेत शिक्षिका. बघायला आले होते. ही आत चहा करत होती. बाईंनी सहज विचारलं, "ताई किती शिकल्यात?" आणि मी म्हटलं, "चौथी." काय गरज होती? त्यांनी कुठे अट घातली होती? चांगली माणसं, खरं बोललो असतो तरी चहा पिऊन लग्न ठरवूनच गेली असती. पण तोंडातून गेलं. माझी लाज होती ती, तिची नव्हती. ते लोक गेल्यावर मी हिला सांगितलं, आता तू चौथी शिकलेली आहेस, ध्यानात ठेव. ती हसायला लागली. म्हणाली, "बसल्या बसल्या पास केलंत होय मला."

मग ते सांभाळत बसलो. बोललेलं खोटं कुठे टाकता येतं? विहीणबाई आल्या की मी हिच्या हातात पेपर द्यायचो. फोटो बघून ती तो सुलटा धरायची. पत्रिका दाखवली की म्हणायची, "छान छापलीय." सही मी शिकवली होती, ती रांगोळीसारखी काढायची. कधी कुरकुर केली नाही. तुम्ही म्हणाल, एवढंच? बायको शिकलेली आहे असं सांगितलं, यात कबूल करण्यासारखं काय आहे? थांबा जरा.

तिला साखर होती. बरीच वर्षं. दवाखान्यातून गोळ्या आणायचो, मीच आणायचो. तिथले डॉक्टर दर खेपेला म्हणायचे, काका, साखरवाल्यांनी वर्षातून एकदा डोळे दाखवायचे, दिसतंय तोवरच दाखवायचे. आम्ही हो हो म्हणायचो. दिसतंय तर दाखवायचं कशाला, असं मनात. मग ती म्हणायला लागली की धुरकट दिसतं. निरांजनात तेल घालायची ते बाजूला सांडायचं. सुईत दोरा ओवायला शेजारच्या पोरीला हाक मारायची. मी म्हणायचो, वय झालं गं.

तेवढ्यात विहीणबाईंच्या महिला मंडळाने मुलुंडला व्यायामशाळेच्या हॉलमध्ये डोळ्यांची तपासणी ठेवली. फुकट. त्यांनी फोन करून बोलावलं. आणि मी तिला घेऊन गेलो. हे खरं आहे, घेऊन मीच गेलो. हेच तर पुढे मी पुसून टाकलं — पण ते नंतर सांगतो.

हॉलमध्ये ही गर्दी. पहिल्यांदा बाहेरच्या बाजूला तक्ता वाचायचा. ज्याला नीट वाचता येणार नाही त्याला आतल्या खोलीत पाठवायचं, तिथे डॉक्टर, मशीन, डोळ्यात घालायचे थेंब. ज्याला सगळं वाचता येईल त्याला चहा-बिस्कीट देऊन घरी. माणसं फार आणि डॉक्टर थोडे, म्हणून तसं केलं असणार. माझा नंबर आधी लागला. मी खरं खरं वाचलं. खालच्या ओळी दिसल्या नाहीत, मी म्हटलं दिसत नाहीत. तक्ता वाचून घेणाऱ्या कॉलेजच्या मुलीने मला आत जायला सांगून बाकावर बसवलं. मी बसलो. आणि बसल्या बसल्या माझं लक्ष गेलं — रांगेत ही उभी, आणि हिच्या मागे दोन माणसं सोडून विहीणबाई, मंडळाचा बिल्ला लावून, सगळ्यांशी गप्पा मारतायत.

भिंतीवर दोन तक्ते होते. एक मराठी अक्षरांचा. दुसरा अक्षरं न येणाऱ्यांसाठी — त्यावर नुसत्या तीन दांड्यांची खूण, कधी वर तोंड, कधी खाली, कधी बाजूला. ती कुठे वळलीय ते बोटांनी दाखवायचं. बस, एवढंच. एकही अक्षर लागत नाही. पण तो तक्ता ज्याने घेतला त्याला वाचता येत नाही, हे सगळ्या हॉलला दिसायचं.

मी उठलो. रांगेत हिच्याजवळ जाऊन उभा राहिलो, पाणी हवंय का विचारायचं निमित्त करून. आणि तिच्या कानाशी तो तक्ता म्हटला. वरचं एक मोठं अक्षर, ट. मग ल प. मग क न र. मग ग व स म. खालच्या दोन ओळी माझ्या नजरेला नीट लागत नव्हत्या, म्हणून पुढे जाऊन तक्त्याजवळून येरझार घातली, त्या वाचून आलो आणि त्याही तिला सांगितल्या. एका बाईला पाठ करायला किती वेळ लागतो? तिला काहीच लागला नाही. आरतीच्या चालीत तिने मनात बसवून टाकलं.

तिचा नंबर आला. त्या मुलीने विचारलं, "आजी, अक्षरं की खुणा?" तिने तोंड उघडलं — ती खुणाच म्हणणार होती, मला माहीत आहे, मी तिला ओळखतो — आणि मी मागून म्हटलं, "अक्षरं."

एक डोळा झाकून म्हणाली. दुसरा झाकून म्हणाली. वरपासून खालपर्यंत, न अडखळता, ओळ दाखवणारी छडी पोचायच्या आधी. ती मुलगी घाईत होती, मागे रांग वाढत होती. हसून म्हणाली, "आजी, इतकं खालचं तर मलापण नाही दिसत. झकास डोळे आहेत." विहीणबाईंनी मागून टाळी वाजवली. "बघा, आमच्या ताई."

आणि शेवंता — तिचा चेहरा मी आजही विसरलेलो नाही — ती लहान पोरीसारखी खुलली होती. जन्मात पहिल्यांदा ती कुठलीतरी परीक्षा पास झाली होती. तिच्या हातात चहाचा कप आणि दोन बिस्किटं. मला बोलावून आत नेलं. थेंब घातले, मागचा पडदा तपासला, मोतीबिंदू सुरू झालाय म्हणाले, पुढे त्याचं ऑपरेशन झालं. आज मी हे लिहितोय ते त्याच डोळ्यांनी. मला थोडं कमी दिसत होतं, मी आत गेलो. तिला — तिला बाहेरच्या बाकावर चहा मिळाला.

रिक्षात बसलो परत येताना. माझ्या डोळ्यात थेंबांमुळे सगळं पांढरं पांढरं झालं होतं. ती आधी हसत होती. मग हळू आवाजात म्हणाली, "अहो, पण मला खरंच काय दिसलं नाय. वरचं मोठं अक्षर पण नाय. नुसता काळा ठिपका."

ऐकलंत ना? तिने सांगितलं. मला नंतर कळलं असं नाही, मला त्याच दिवशी, त्या रिक्षात, सगळं माहीत होतं. मी काय म्हटलं? म्हटलं, "पास झालीस ना, मग गप्प बस. कुठे बोलू नकोस."

दुसऱ्या दिवशी मी तिला कुठेही नेऊ शकलो असतो. आमच्याच रस्त्यावर चष्म्याचं दुकान आहे, त्याच्या माडीवर डोळ्यांचे डॉक्टर बसतात. विहीणबाई काय तिथे पहारा देत होत्या? पण मी म्हटलं, बघू. दिवाळी झाल्यावर बघू. पाऊस गेल्यावर बघू. दुखत नाही, खुपत नाही, पाणी येत नाही. दात दुखला असता तर त्याच दिवशी नेलं असतं. डोळा आतून जाताना आवाज करत नाही, त्याला मी काय करू — असं आता म्हणायला बरं वाटतं. तसं म्हणणार नाही. तिने तोंडाने सांगितलं होतं.

दवाखान्यातले डॉक्टर पुढे विचारायचे, डोळे दाखवले का? ती माझ्याकडे बघायची. मग म्हणायची, "कॅम्पात पास झालेय." तो भला माणूस खूश व्हायचा. मी बाजूला उभा राहून गोळ्यांची पिशवी सांभाळायचो.

असं दोनेक वर्षं चाललं. कुंकू कपाळाच्या एका बाजूला जायला लागलं. चहा कपाच्या बाहेर. एकदा शेजारच्या घरात जाऊन बसली, आपलं समजून, आणि त्यांच्याच बाईला म्हणाली, "कोण हवंय तुम्हाला?" आम्ही सगळे हसलो. तीपण हसली. आणि मग एका सकाळी उठली ती दोन्ही हात डोळ्यांपुढे झाडत उठली. म्हणाली, कोळिष्टकं आलीत, काढा. मी बघितलं. काही नव्हतं. तिच्या डोळ्याच्या आत रक्त सुटलं होतं, ते तिला जाळ्यासारखं दिसत होतं.

मोठ्या इस्पितळात नेलं. संजयने रजा टाकली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी थेंब घालून, दिवा लावून पुष्कळ वेळ बघितलं, आणि मग आम्हा तिघांना समोर बसवून समजावलं. साखरेने मागच्या पडद्याच्या नसा खराब होतात. वर्षानुवर्षं. सुरुवातीला माणसाला काही कळत नाही, पण थेंब घालून बघणाऱ्याला कळतं. तेव्हा लेझर मारून, इंजेक्शन देऊन बऱ्याच जणांची नजर राखता येते. आता एक डोळा गेल्यात जमा आहे, दुसऱ्यासाठी प्रयत्न करू. आणि मग त्यांनी विचारलं — रागाने नाही, अगदी शांतपणे — "दरवर्षी तपासणी का नाही केलीत?"

आता मी ज्याच्याभोवती इतका वेळ फिरतोय तिथे आलो. तक्ता पाठ करून घेतला तो मूर्खपणा. रिक्षात गप्प बसवलं तो हट्ट. त्या दोन्हीला मी काहीतरी नाव देऊ शकतो. पण डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा संजय माझ्याकडे बघत होता, आणि मी म्हटलं —

"ती यायलाच तयार नव्हती. डॉक्टरला घाबरते. आम्ही सांगून थकलो."

ती माझ्या शेजारच्या खुर्चीत होती. ऐकू तिला चांगलं यायचं. मी थांबलो, वाटलं आता ती बोलेल. बोलली असती तर मी काय केलं असतं? माहीत नाही. ती बोलली नाही. तिने पदर सारखा केला आणि मान खाली घातली, चूक केलेल्या माणसासारखी. बाई म्हणाल्या, "आजी, असं घाबरून कसं चालेल?" आणि शेवंता म्हणाली, "चुकलंच माझं."

चुकलंच माझं — ती म्हणाली.

दुसराही डोळा वाचला नाही. लेझर झालं, सुया झाल्या, हळूहळू तोही गेला. आणि त्या दिवसापासून घरात ती चूक तिची झाली. विहीणबाईंनाही ते पटलं, कारण कॅम्पात ताई बाहेरचा तक्ता म्हणूनच परतल्या होत्या, आत डॉक्टरांपर्यंत गेल्याच नव्हत्या. संजय वाईट मुलगा नाही, आईवर जीव होता त्याचा, म्हणूनच तो बोलायचा. ती उंबऱ्याला अडखळली की म्हणायचा, "वेळेवर ऐकलं असतंस तर आज ही पाळी आली नसती, आई." नातेवाईक आले की तोच सांगायचा, आमच्या आईने हट्ट केला, तुम्ही करू नका, दरवर्षी डोळे तपासा. चांगलंच सांगायचा. त्याचं ऐकून दोघा-तिघांनी तपासलेही. ती भिंतीला टेकून बसलेली असायची आणि मान डोलवायची. "हो बाबा, माझ्यासारखं करू नका." ती असं म्हणताना मी कुठे बघायचो, विचारा. मी टीव्हीकडे बघायचो.

आणि मला काय मिळालं माहीत आहे? मान मिळाला. मी तिची वेणी घालायला शिकलो. मासळी आणली की काटे काढून घास तिच्या हातात द्यायचो. बाजारात तिचा हात धरून न्यायचो, खड्डा आला की सांगायचो. बिल्डिंगमधल्या बाया आपल्या नवऱ्यांना म्हणायच्या, काकांकडून शिका जरा. विहीणबाई तर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "असा नवरा मिळायला नशीब लागतं." शेवंता म्हणाली, "खरंय." मी खाली बघितलं, आणि लोकांना वाटलं, काय साधा माणूस आहे.

मी ते सगळं मनापासून केलं. पण मनापासून केलं म्हणजे काय फिटलं? तिचं ते नशीब आणलं कुणी?

वालाच्या त्या संध्याकाळचं मी वर सांगितलं. पण सगळं नाही सांगितलं. तेव्हा लिहवलं नाही. वाल सोलता सोलता ती काहीतरी गुणगुणत होती. मला वाटलं, आरती असेल. कान दिला तर — ट. ल प. क न र. ग व स म. एकेका अक्षराला एकेक दाणा परातीत. पार खालच्या ओळीपर्यंत. इतक्या वर्षांनी. मग हसली, म्हणाली, "अजून पाठ आहे बघा. आजपण कुणी विचारलं तर पास होईन."

तिने ते का म्हटलं असेल? मी रोज हाच विचार करतो. मला डिवचत होती? तिचा तो स्वभाव नव्हता. की तिला खरंच त्याचा अभिमान होता, त्या एका परीक्षेचा? की — तिला माहीत होतं की मी कुढतोय, आणि ती मला बोलायला जागा करून देत होती? आम्ही दोघंच होतो. सून मनीषा कामावरून यायला अवकाश होता. मला एवढंच म्हणायचं होतं, शेवंते, माझं चुकलं, मी संजयला सांगतो. दोन-चार शब्दांचं काम होतं, तेही जमलं नाही.

मी म्हटलं, "गप्प बस गं. मनीषा येईल इतक्यात."

ती गप्प बसली. नेहमीसारखी. राहिलेले वाल सोलले, परातीवरून हात फिरवून एकही राहिला नाही ना ते बघितलं, दाणे पातेल्यात पाण्यात ठेवले. म्हणाली, सकाळी बिरडं करते, खोबरं तेवढं तुम्ही खवून द्या. जेवलो. झोपलो.

सकाळी ती उठली नाही. मी चहा ठेवून हाक मारली, दुसरी मारली. हात लावला तर गार. झोपेत हृदय बंद पडलं, डॉक्टर येऊन म्हणाले. साखरेच्या माणसाला कळत पण नाही म्हणाले, त्रास झाला नसणार. हेही न दुखता.

माणसं जमली. विहीणबाई मुलुंडहून आल्या, रिक्षातून उतरल्या त्या रडतच. त्यांनीच संजयला बाजूला घेऊन डोळे दान करायचं सुचवलं. मी म्हटलं, कुणाचे डोळे? आंधळ्या बाईचे? पण त्यांनी फोन लावला, पलीकडच्या माणसाने सांगितलं, खराब झाला तो मागचा पडदा, पुढची काच चांगली असू शकते, ती दुसऱ्याला बसते. लवकर येतो म्हणाला. तोवर पंखा बंद करा, डोक्याखाली उशी द्या, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवा. संजयला ते जमेना. म्हणून ते मी केलं. पापण्या मी मिटल्या. कापूस मी भिजवून पिळून ठेवला. स्वयंपाकघरात पाण्याला गेलो तेव्हा ओट्यावर ते पातेलं दिसलं, वाल फुगून वर आले होते.

दोघं आले, एक तरुण मुलगा आणि एक डॉक्टर मुलगी. चपला बाहेर काढून आत आले, आधी तिला नमस्कार केला. मग कामाच्या गोष्टी विचारल्या. वय काय, आजार कुठला, कधीपासून दिसत नव्हतं. संजय सांगत होता. लेझर कुठे झालं तेही त्याने सांगितलं. मग ती मुलगी म्हणाली, "त्याच्या आधी कधी डोळे तपासले होते का?" तिला काही खोदून काढायचं नव्हतं, तिच्या कामाचा प्रश्न होता. संजयने माझ्याकडे बघितलं. "बाबा?" विहीणबाई दाराशी उभ्या होत्या. मनीषा सासूच्या पायाशी बसली होती. सगळं घर माझ्याकडे बघत होतं, आणि शेवंता मध्ये झोपलेली, डोळ्यांवर मी ठेवलेला ओला कापूस.

आता तिला कशाचीच भीती नव्हती. मलाही नको होती. तिला मान खाली घालता येणार नव्हती, चुकलंच माझं म्हणता येणार नव्हतं. बोलायचं ते माझं मलाच होतं.

"नाही," मी म्हटलं. "कधीच नाही. ती ऐकायचीच नाही कुणाचं."